सह्या, संस्कार आणि संयम

पेडणे-डिचोलीकडील आपल्या हिंदू घरांतून रजिस्ट्रारपुढे सह्या झाल्या, कायद्याने लग्न लागले, तरी अक्षता पडेपर्यंत मुलगी बहुधा माहेरीच राहते. कॅथलिक शेजाऱ्यांचेही तेच. वेदीपुढील संस्काराविना चर्च त्या दोघांस पतिपत्नी मानीत नाही आणि तोवर संयम सांगते.

पण अविवाहित दोघे एका छपराखाली राहूनही संयम पाळीत असतील तर? तेव्हा चर्च दोन गोष्टी पाहते : आचरण शुद्ध आहे काय, आणि त्यांच्या राहण्याने इतरांची दिशाभूल होते काय? पहिलीचे उत्तर त्या दोघांनाच ठाऊक. दुसरीचे मात्र अवघा वाडा परस्पर देऊन मोकळा होतो!

पहिला विवाह चर्चच्या दृष्टीने अभंग असता ज्यांनी दुसरा संसार थाटला, त्यांचा प्रश्न अधिक बिकट. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २२ नोव्हेंबर १९८१ च्या कुटुंबविषयक उपदेशपत्रात त्यांना वाट दाखविली. मुलांच्या संगोपनासाठी विभक्त होणे अशक्य असेल, तर पश्चात्तापपूर्वक पूर्ण संयमाने राहणाऱ्यांस पापनिवेदनानंतर कम्युनियन घेता येते. आपल्या वानप्रस्थातही पत्नीसह संयमाने राहण्याची मुभा होतीच. येथे तो ऐन तारुण्यात मागितला जातो. शिवाय लोकापवाद होऊ नये, हीही अट. शहरातील अनोळखी चर्चमध्ये ते जमते. गावात मात्र रांगेत उभे राहण्यापूर्वीच कुजबूज सुरू झालेली असते.