कुट्टीचा बोल्ट सुटत नाही तेव्हा

दसरा-दिवाळी झाली की आमच्या पाथर्डी तालुक्यातली निम्मी घरं रिकामी होतात. कोयते ऊसतोडीला कारखान्यांवर जातात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि दावणीची जनावरं. त्या जनावरांचं पोट कडबाकुट्टीवर चालतं. सबंध कडबा टाकला तर गाय पाला ओरबाडते आणि धाटं पायाखाली तुडवते. कुट्टी केली की धाटंही पोटात जातात. ज्या तालुक्यानं २०१९ साली चारा छावण्या पाहिल्या, तिथं धाटाची किंमत वेगळी सांगायला नको.

पण कुट्टीची पाती बोथट होतात. ती काढायची तर बोल्ट सुटत नाहीत. आणि पाना हातात घेणारा कोण, तर सत्तरीतला आजोबा नाहीतर दहावीतला नातू. बोटं गमावलेली माणसं बाजारात भेटतात, म्हणून कवितेच्या माणसानंही या विषयावर बोलावं असं मला वाटलं.

बोल्ट अडकतो का? हिरवी मका, हत्ती गवत, उसाचं वाढं कापताना रस उडतो. तो आट्यांत शिरतो, वर भुसा चिकटतो, ओल धरून राहते. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतं, त्यामुळे नट आणि बोल्ट एकमेकांत घट्ट आवळले जातात. शहरात छाटलेल्या फांद्यांचा चुरा करणारी यंत्रं असतात, त्यांचंही दुखणं हेच.

पान्याच्या आधी वीज. आपल्याकडं दिवे गेले की लोक म्हणतात, चला, तेवढ्यात पातं बदलून घेऊ. बटण चालूच असतं. वीज केव्हा परत येईल याचा नेम नाही, आणि आली की चाक कुणाला विचारून फिरत नाही. म्हणून पिन काढायची. थ्री फेजची मोटर असेल तर फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचे. मळणी यंत्रांत हात जात होते म्हणून १९८३ साली संसदेनं धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला खरा, पण आपल्या गोठ्यात रात्री आठ वाजता खिशातला फ्यूजच कामाला येतो.

चाक जड असतं, बंद केल्यावरही बराच वेळ फिरतं. ते पुरतं थांबलं की लाकडाचा ठोकळा घालून अडकवा, पाय लावून धरू नका. पात्याच्या धारेला जाड गोणपाट गुंडाळा. पाना असा लावा की बोल्ट अचानक सुटला तर मूठ धारेपासून लांब जाईल. बहुतेक जखमा बोल्ट सुटतो त्या क्षणीच होतात.

आता बोल्ट. तारेच्या ब्रशनं आटे साफ करा, डिझेलमध्ये थोडं पातळ ऑइल मिसळून सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी नटावर हातोडीचे हलके ठोके द्या, म्हणजे गंजाची पकड फुटते. पाना रिंगचाच घ्या. स्लाइड पाना कोपरे खातो. दहा मिलिमीटरच्या बोल्टला बहुधा सतराचा पाना बसतो. आधी केसभर आवळा, मग सैल करा, पुन्हा आवळा. पाइप घालून लोंबकळू नका, बोल्ट तुटेल.

कोपरे गेलेच तर नट छिन्नीनं फोडावा, डोळ्यांवर चष्मा लावून. नाहीतर वेल्डिंगवाल्याकडून गोल झालेल्या डोक्यावर नवा नट जोडून घ्यावा. त्या उष्णतेनंच गंज सुटतो. मात्र त्याआधी डिझेल पुसा, कडब्याची गंजी लांब ठेवा, आणि अर्थिंगचा चिमटा चाकालाच लावायला सांगा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो. पातं तापवू नका. पोलादाला दिलेलं पाणी उतरलं की त्या पात्याला धार टिकत नाही.

जुना बोल्ट परत घालण्याची काटकसर मला पटत नाही. नवा घेताना डोक्यावर ८.८ हा आकडा पाहा. त्यातला पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसणारं पोलाद. ४.६ लिहिलेला साधा बोल्ट त्याच्या निम्माच ताण सोसतो, आणि चालत्या चाकावर तो तुटला तर पातं सुटून कुठंही जाऊ शकतं.

पाती जोडीनंच बदला. एक जास्त घासलेलं असेल तर चाक हादरतं. किराणा दुकानाच्या तराजूत दोन्ही तोलून घेता येतात. आट्यांना ग्रीसचं बोट लावा, स्प्रिंग वायसर नवा घाला, सगळे बोल्ट आधी हातानं बसवा आणि मग आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. चाक हातानं एक पूर्ण फेरा फिरवून पाहा. तोंडाशी असलेल्या स्थिर पात्याला फिरतं पातं लागता कामा नये. जाड कागद सरकेल एवढी फट पुरे. झाकण लावल्यावरच फ्यूज खिशातून काढा. तासभर कुट्टी झाली की पुन्हा सगळं बंद करून बोल्ट एकदा तपासा, कारण नवे बोल्ट पहिल्या तासात थोडे सैलावतात.