शर्यतीचा नियम आणि सरावाची पुळण

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्या, त्याला आता काही वर्षे लोटली आहेत. ओहोटीने घट्ट झालेल्या ओल्या पुळणीवर छकडे धावतात, माणसे दुतर्फा दाटतात आणि निकाल लागतो. त्या दिवशी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाचा दाखला लागतो, पोलिसांची नजर असते. परंतु बैल ज्या गतीने त्या दिवशी धावतात, ती गती काही त्या दिवशी निर्माण होत नाही. ती आधीच्या कित्येक दिवसांच्या सरावात घडविली जाते. त्या वेळी ना दाखला मागणारा कोणी असतो, ना पाहणारा. पुढची भरती चाकोऱ्या पुसून टाकते आणि तेथे काय घडले याचा मागही उरत नाही. या शर्यतींविषयी समाजाच्या एका भागात जो संशय टिकून आहे, त्याचे मूळ मुख्यतः या दुर्लक्षित सरावात आहे.

हा संशय नवा नाही. बैलाचा समावेश प्रदर्शनास व शिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांत करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी काढली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालात ती उचलून धरली आणि तामिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीही बंद झाल्या. २०१७ मध्ये राज्य विधिमंडळाने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती केली. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास अंतरिम मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. मधली साडेसात वर्षे किनाऱ्यावर अधिकृत शर्यत नव्हती.

घटनापीठाचा हा निकाल शर्यतप्रेमींनी विजय म्हणून साजरा केला, ते स्वाभाविकच होते. पण त्या निकालाचा आधार काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. २०१४ पूर्वी ज्या स्वरूपात हे खेळ होत, ते स्वरूप कायद्याने व नियमांनी बदलले आहे आणि त्यामुळे प्राण्यांच्या यातना बऱ्याच अंशी कमी होतात, असे न्यायालयाने मानले. म्हणूनच नियमांची अंमलबजावणी कसोशीने व्हावी आणि तिची जबाबदारी जिल्हा दंडाधिकारी व अन्य सक्षम अधिकाऱ्यांवर राहील, असेही बजावले. म्हणजे परवानगी परंपरेला मिळाली हे खरे. पण ती नियमांच्या खांद्यावर बसून मिळाली आहे. नियम कागदावरच राहिले, तर परवानगीचा पायाच ढासळतो.

हे नियम कडक आहेत. धाव एक हजार मीटरपेक्षा लांब नसावी, आयोजकाने पन्नास हजार रुपयांची अनामत ठेवावी, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी व्हावी, गाडीवानाने काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारे साधन वापरू नये. अटींचा भंग झाल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा आहे. पण या साऱ्याचा रोख शर्यत या कार्यक्रमावर आहे. सरावात कोणी बैलाला पराणी टोचली किंवा त्याची शेपटी पिळली, तर मूळ १९६० च्या कायद्यातील मारहाणीचे कलम लागू होते आणि त्या कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये! शर्यतीच्या दिवशी पाच लाख आणि सरावाच्या दिवशी पन्नास रुपये, ही तफावत बोलकी आहे. मूळ कायदा करणाऱ्यांना मात्र या दोन्हींतील नाते ठाऊक होते. प्राण्यांच्या खेळांविषयीच्या कलमात त्यांनी 'प्रदर्शन' आणि 'शिक्षण' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत.

तपासणीच्या जागी नियम पाळायचा आणि धावेच्या जागी तो विसरायचा, ही युक्ती काही खेड्यातील गाडीवानांच्या नावावर जमा नाही. जगातील सर्वांत खर्चिक समजल्या जाणाऱ्या मोटार शर्यतींचा इतिहास अशा युक्त्यांनी भरलेला आहे. १९७८ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबहॅम संघाने आपल्या मोटारीच्या मागे एक मोठा पंखा बसविला. तो इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात तो मोटारीखालची हवा ओढून तिला रस्त्याला घट्ट धरून ठेवीत असे. तिची खरी गती आधीच्या फेऱ्यांत उघड होऊ नये म्हणून दोन्ही चालकांना टाक्या इंधनाने भरून मोटारी चालवायला लावले गेले. प्रत्यक्ष शर्यत निकी लाउडा याने अर्ध्या मिनिटाहून अधिक अंतराने जिंकली. त्याचा विजय कायम राहिला, पण तो पंखा पुन्हा शर्यतीत दिसला नाही.

१९८१ चे उदाहरण तर अधिक बोधप्रद आहे. मोटारीचा तळ आणि रस्ता यांत किमान सहा सेंटिमीटर अंतर असावे, असा नियम त्या वर्षी आला. हे अंतर मोटार उभी असतानाच मोजता येत असे. ब्रॅबहॅमने अशी योजना केली की, वेग घेताच हवेच्या दाबाने मोटार खाली बसावी आणि परतताना वेग मंदावला की ती पुन्हा वर यावी. मोजणीच्या जागी सहा सेंटिमीटर बरोबर भरत; धावेत ते कोठे जात, हे सर्वांना दिसत होते. प्रतिस्पर्ध्यांनी प्रथम आरडाओरड केली. मग काय झाले? थोड्याच महिन्यांत बहुतेकांनी तीच युक्ती उचलली आणि तक्रार थांबली. नियम होता तेथेच राहिला. त्याचा अर्थ मात्र निघून गेला.

दुसरा धडा अलीकडचा आहे. २०१९ च्या मोसमात फेरारी संघाच्या इंजिनाला ताशी शंभर किलोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा अधिक इंधन मिळत असावे, असा संशय प्रतिस्पर्ध्यांनी घेतला. फेरारीने तो ठामपणे नाकारला. जागतिक मोटार महासंघाने चौकशी केली आणि २८ फेब्रुवारी २०२० रोजी, नव्या मोसमापूर्वीच्या सराव चाचण्यांच्या अखेरच्या दिवशी, आपसांत समझोता झाल्याचे व त्याचा तपशील गुप्त राहणार असल्याचे जाहीर केले. लगेच इतर सात संघांनी जाहीर निषेध नोंदविला. दोष सिद्ध झाला नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध झाले नाही. ज्या चौकशीने संशय फिटायचा, तिच्या गुप्ततेनेच तो पक्का केला.

तरीही मोटारींच्या जगात एक नैसर्गिक पहारेकरी असतो, तो म्हणजे प्रतिस्पर्धी. एकाने नियम मोडला की दुसऱ्याचे नुकसान होते. म्हणून दुसरा डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि रीतसर आक्षेप नोंदवितो. बैलगाडीच्या शर्यतीत हा पहारेकरी अर्धाच आहे. एखादा गाडीवान पराणी लपवून आणतो, तेव्हा इतर गाडीवान कदाचित तक्रार करतील. पण सगळ्यांच्याच हाती पराणी असेल, तर स्पर्धा बरोबरीची होते आणि कोणा माणसाचे काहीच बिघडत नाही. नुकसान होते ते फक्त बैलाचे, आणि त्याला आक्षेपाचा अर्ज करता येत नाही. १९८१ मध्ये सर्वांनी मिळून नियम निरर्थक केला तेव्हा फसला तो केवळ एक नियम. येथे तसेच झाले, तर फसतो एक मुका जीव. म्हणूनच येथे परस्परांच्या पाळतीवर विसंबून भागणार नाही. बाहेरची नजर हवी.

यावर गाडीमालकांचे उत्तर ठरलेले आहे आणि ते सर्वस्वी चुकीचे नाही. शर्यतीचा बैल हा घरातला लाडका जीव असतो, त्याच्या खुराकावर घरच्या माणसांपेक्षा अधिक खर्च होतो, त्याला दुखविणारा मालक स्वतःचेच नुकसान करून घेतो, असे ते सांगतात. खिलारसारख्या जातिवंत बैलांची पैदास टिकविण्यास शर्यतींचा हातभार लागतो, हाही त्यांचा दावा आहे. शहरी माणसांनी दुरून संशय घ्यावा आणि गावकऱ्यांनी प्रत्येक वेळी कागद दाखवीत फिरावे, याचा त्यांना राग येतो. पण संशयाची सर्वांत मोठी झळ बसते ती नेमकी या प्रामाणिक मालकालाच. एखाद्याच्या क्रौर्याचे चित्रण बाहेर आले, तर बंदी त्या एकट्यावर येत नाही. २०१४ प्रमाणे ती साऱ्यांवर येते. ज्याला लपविण्यासारखे काही नाही, त्याला सरावातली तपासणी ही ढाल आहे.

ही तपासणी फार खर्चाची असण्याचे कारण नाही. सरावाच्या जागा आणि ओहोटीच्या वेळा ग्रामपंचायतीकडे आधी नोंदविता येतील. सुचविल्याशिवाय येणारा पशुवैद्यक महिन्यातून एक-दोनदा पुळणीवर उभा राहिला, तरी पुष्कळ काम होईल. शर्यतीपूर्वीच्या तपासणीत बैलाच्या अंगावरचे जुने वळ आणि टोचल्याच्या खुणा यांची स्वतंत्र नोंद घेता येईल. कारण सरावात घडलेले पुळणीवरून पुसले गेले, तरी कातडीवरून इतक्या लवकर पुसले जात नाही. मोटार शर्यतींत आक्षेप लेखी आणि अनामत रकमेसह करावा लागतो व तो खरा ठरल्यास रक्कम परत मिळते. तशी सोय येथे गाडीमालकांना आणि ग्रामस्थांनाही असावी. मुख्य म्हणजे तपासणीचा निकाल, मग तो कोणाच्याही बाजूचा असो, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. २०२० ची ती गुप्त तडजोड हा त्याबाबतचा पुरेसा इशारा आहे.

रायगडच्या किनाऱ्याला त्याचा खेळ परत मिळाला आहे. तो टिकविणे आता न्यायालयाच्या हाती नाही. ते गाडीमालक, आयोजक आणि जिल्हा प्रशासन यांच्या हाती आहे. एक दिवस नियम पाळून उरलेले दिवस डोळे मिटून घेतले, तर पुढच्या याचिकेचा मजकूर या किनाऱ्यावरच तयार होत राहील.