वेरूळचे बारा

आपल्या मनगटावरच्या घड्याळात बारा वाजले, तरी वेरूळला अजून बारा वाजलेले नसतात. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते, आणि ती रेषा जाते मिर्झापूरजवळून. वेरूळ तिच्या पश्चिमेला सात अंशांहून थोडं जास्तच. सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मिर्झापूरच्या डोक्यावरून वेरूळच्या डोक्यावर यायला त्याला जवळपास अर्धा तास हवा. वेरूळची खरी दुपार सरासरी साडेबाराच्या आसपास होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्याला पाऊण वाजायच्या बेतात.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे. खरी दुपार उलटल्याशिवाय सूर्य त्यांच्यासमोर येतच नाही.

इथली ३४ लेणी एकाच डोंगराच्या कड्यात, सुमारे दोन किलोमीटरच्या ओळीत आहेत. दक्षिणेकडून १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. दगड आपल्या सह्याद्रीचाच काळा बसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. लेणं बांधत नाहीत, कोरतात. त्यामुळे दिशा निवडायची मुभा कारागिराला फारशी नसते. डोंगर ज्या बाजूला उभा तुटलेला, त्या बाजूला दार. वेरूळचा कडा पश्चिमेला तुटला आहे, म्हणून इथला दिवसही पश्चिमेकडून उजाडतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे १६ क्रमांकाचं कैलास लेणं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे काम. आधी डोंगरात वरून खाली चर खणले आणि मध्ये उरलेल्या कातळातून मंदिर कोरत खाली उतरले. कळस आधी, पाया शेवटी. हा खड्डा सुमारे ८४ मीटर लांब, ४७ मीटर रुंद आणि मागच्या, म्हणजे पूर्वेच्या, बाजूला ३३ मीटर खोल आहे. दहा मजली इमारतीएवढी भिंत पूर्वेला उभी, आणि सूर्य उगवतो तिच्याच मागे! पुढच्या दारापाशी उभं राहिलं, तर सूर्य आकाशात एकवीस-बावीस अंश चढेपर्यंत तो त्या कड्याआडच राहतो. अंगणाच्या मध्यावर उभं राहिलं, तर अडतीस अंशांपर्यंत. वसंतसंपाताच्या सुमारास इथे सूर्य तासाला चौदा अंशांच्या आसपास चढतो. हिशेब केला तर अंगणाच्या मध्यावर ऊन पोचायला सूर्योदयानंतर पावणेतीन तास लागतात. तेव्हाही ते पडतं मंदिराच्या पाठीवर, तोंड सावलीतच.

मग येते साडेबाराची वेळ. सूर्य पूर्वेची बाजू सोडून पश्चिमेच्या बाजूला पहिलं पाऊल टाकतो. त्या क्षणी किरण पश्चिमेकडच्या भिंतींना समोरून लागत नाहीत, अंगाला घासून जातात. कोरीव कामाला याहून चांगला उजेड नाही. बोटभर पुढे आलेला दगडही हातभर सावली टाकतो. पाकळी, बाजूबंद, छज्ज्याची कड, सकाळी काळ्या दगडात मिटून बसलेलं सगळं एकदम उठून दिसू लागतं. एकेकाळी या मंदिराला गिलावा आणि रंग होता, म्हणून त्याला रंगमहाल असंही म्हणत. आता रंग जवळजवळ गेला. मूर्तीला उठाव द्यायचं काम उरलं ते या उन्हाकडे.

पुढे तास-दोन तासांत ऊन भिंतीवरून घरात शिरतं. याचं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीइतकं सोपं. दार तीन मीटर उंच धरा. सूर्य ४५ अंशांवर असेल तर ऊन तीन मीटर आत जाईल. तो १५ अंशांवर उतरला की अकरा मीटर. आणि मावळतीपूर्वी ५ अंशांवर आला की चौतीस मीटर! दिवस जितका संपत येतो तितका उजेड खोल जातो. गाभाऱ्यापर्यंत पोचायची संधी त्याला मिळते ती अगदी शेवटी.

ही संधीही रोज नसते. डिसेंबरात वेरूळचा सूर्य नेमक्या पश्चिमेपासून पंचवीस अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. तो दाराशी सरळ रेषेत येतो तो मधल्या काळात. १० क्रमांकाचं विश्वकर्मा लेणं त्यासाठीच प्रसिद्ध आहे. छताला लाकडी फासळ्यांसारख्या दगडी कमानी कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. आत स्तूपाला टेकून पाय खाली सोडून बसलेले बुद्ध. मार्चच्या सुमारास काही दिवस मावळतीचे किरण आत शिरतात आणि मूर्ती उजळते.

कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवला ना? तो नोव्हेंबरात ९ ते ११ आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा दोनदा का होतो, याचं उत्तरही यातच आहे. या दोन्ही तारखा २१ डिसेंबरपासून जवळजवळ सारख्या, एकेचाळीस-बेचाळीस दिवसांच्या अंतरावर आहेत. सूर्य दक्षिणेला जाताना ज्या बिंदूवर मावळतो, परत येताना त्याच बिंदूवर मावळतो. पंचांगातलं दक्षिणायन-उत्तरायण देवळाच्या दारात असं डोळ्यांनी दिसतं.

उजेडाइतकाच महत्त्वाचा आपला डोळा. बाहेरच्या रणरणत्या उन्हातून लेण्यात शिरलं की क्षणभर काहीच दिसत नाही. बरेच लोक त्या क्षणालाच ‘आत काही विशेष नाही’ म्हणून परत फिरतात. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढी उसंत नसेल तर निदान पाच मिनिटं खांबाला टेकून नुसतं उभं राहावं. मोबाइलची विजेरी लावू नये. आधी छताची रेघ दिसते, मग खांद्याची गोलाई, मग चेहरा.

ऋतूनेही फरक पडतो. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य सत्तेचाळीस अंशांवर चढत नाही, म्हणून कैलासच्या दक्षिणेकडच्या अरुंद वाटेत तेव्हा सावली असते. कैलास हलवणारा रावण याच बाजूला आहे. तिथला उजेड आभाळाचा आणि कातळावरून परतलेला. मऊ, पण सगळीकडे सारखा. उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या चौथ्या आठवड्यात इथे शून्य सावलीचा दिवस येतो. तेव्हा सूर्य नेमका माथ्यावर असतो. मे महिन्यातल्या त्या उन्हात मात्र पाहणाऱ्याचीच परीक्षा.

आता सहलीचं वेळापत्रक पाहा. बहुतेक गाड्या सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन घेतात, तिथून दहाच्या सुमारास लेण्यांत येतात आणि जेवून दुपारी देवगिरीचा किल्ला चढतात. म्हणजे लेणी पाहायची कड्याच्या सावलीत आणि किल्ला चढायचा भर उन्हात. दोन्हींचे बारा वाजतात. क्रम उलटा करा. किल्ला सकाळच्या गारव्यात चढा. जेवण उरकून साडेबारा-एकला लेण्यांपाशी या. कैलासच्या बाजूच्या पायवाटेने आधी वर जाऊन तो खड्डा वरून पाहा, मग खाली उतरून दर्शनी भिंत आणि अंगण. चारनंतर दक्षिणेकडे सरकत दहाव्या लेण्यात जा आणि तिथेच ऊन उतरेपर्यंत बसा.

लेणी सूर्यास्ताला बंद होतात, त्यामुळे घाई करायचं कारण नाही. दिवसाचा शेवटचा तासच तुमचा आहे. फक्त मंगळवारी जाऊ नका. त्या दिवशी वेरूळला सुट्टी असते.