चिखलात फिरणारं एकटं चाक

वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो. पण साधा डिफरन्शियल दोन्हीकडे टॉर्क जवळपास सारखाच देतो. एक चाक हवेत लोंबकळलं, की त्याला फिरायला जेमतेम टॉर्क पुरतो. घट्ट जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो! पुढचं एक, मागचं एक चाक असं जमिनीवरून सुटलं, की फोर-व्हील-ड्राइव्हसुद्धा जागीच रुतते. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियलचा लॉकर: तो दोन्ही चाकांना एकाच वेगाने फिरायला लावतो. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात पुढे-मागे असे लॉक कारखान्यातूनच येतात. बाहेरून बसवणार असाल तर माझ्या मते मागचा आधी, कारण पुढचा लावल्यावर स्टिअरिंग फार जड होतं. आणि डांबरी रस्त्यावर लॉक सोडाच, नाहीतर वळताना टायर घासतात, अ‍ॅक्सलवर ताण येतो.