पावसाने जीपीएस जात नाही

गणपतीला मुंबईहून निघालेली गाडी खारेपाटणला सिंधुदुर्गात शिरते, तेव्हा बहुधा धो धो पाऊस असतो. मोबाईलवरचा नकाशा अडला की गाडीत सगळ्यांचं एकमत होतं: पावसाने सिग्नल गेला. हा समज घरातल्या डिशमुळे रुजला आहे. डिशच्या लहरी साधारण 11-12 गिगाहर्ट्‌झच्या. त्या मुसळधार पावसात क्षीण होतात, म्हणून टीव्ही जातो. जीपीएसची मुख्य लहर 1.575 गिगाहर्ट्‌झची, 19 सेंटिमीटर लांबीची. पावसाचा तिच्यावर नगण्य परिणाम होतो. तिला अडवतात झाडं, डोंगर आणि इमारती.

रेंज गेली म्हणजे जीपीएस गेलं, हेही खरं नाही. जीपीएससाठी फोन उपग्रहाकडे काहीच पाठवत नाही, नुसता ऐकतो. रेंजअभावी अडतो तो नकाशा. तो घरूनच उतरवून ठेवला तर ठिकाण दिसत राहतं.

खरा गुंता शहरात आहे. इमारती सिग्नल फक्त अडवतात असं आपण धरून चालतो, पण त्या तो परतवतातही. लोअर परळच्या टॉवरांमध्ये थेट लहर अडते आणि समोरच्या काचेवर आपटलेली फोनपर्यंत पोचते. तिने 60 मीटर जास्त वाट कापली, तर फोनच्या हिशेबात तो उपग्रह तेवढा लांब जातो. मग तुम्ही रस्त्यावर असता आणि नकाशा तुम्हाला शेजारच्या गल्लीत दाखवतो.

याचं गणित मांडताना दरवेळी प्रत्येक इमारत संगणकात भरावी लागते असं नाही. 1985 मध्ये संशोधक चुन लू यांनी झाडांच्या सावलीतून येणारी थेट लहर आणि विखुरलेल्या लहरी यांचं संभाव्यतेचं मॉडेल दिलं. 1991 मध्ये लुट्झ आणि सहकाऱ्यांनी वाहनाला मिळणारा सिग्नल ‘चांगली’ आणि ‘वाईट’ अशा दोन अवस्थांत मांडला. 2002 मध्ये जर्मन संशोधकांनी म्युनिकवर चक्क झेपेलिन वायुनौका उडवली, तिलाच उपग्रह मानलं आणि खालच्या रस्त्यांवर लहरींचे पडसाद मोजले.

पण तिथले आकडे जसेच्या तसे इथे लागू पडत नाहीत. उदाहरणार्थ, भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारा उपग्रह म्युनिकहून क्षितिजापासून जास्तीत जास्त 34 अंशांच्या आसपास दिसतो. 83 अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह मुंबईहून सुमारे 65 अंशांवर. पंधरा मीटर रुंद रस्त्याच्या मधोमध उभं राहिलं, तर उपग्रहाच्या दिशेची दुमजली इमारतही म्युनिकमध्ये त्याला झाकते. मुंबईत त्याला सहा मजले लागतात. म्हणून मुंबईचं मॉडेल मुंबईच्याच रस्त्यांवर मोजून बनवायला हवं.