चार खुंट्या आणि एक कर्ण

उताराच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं की आधी सर्वेयर येतो. जागेवर दहा-दहा मीटरची चौकट आखून तो प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजतो. साइटवरच्या भाषेत ‘लेव्हल घेतो’. हे आकडे आर्किटेक्टच्या संगणकात गेले की सॉफ्टवेअर बिंदू जोडून त्रिकोणांची जाळी विणतं. त्रिकोणच का? तिपाई कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. चार पायांचं टेबल डुगडुगतं. तीन बिंदूंतून एकच सपाट पृष्ठ जातं, चौथा त्यावर बसेलच असं नाही.

म्हणून प्रत्येक चौकोनात एक कर्ण काढावाच लागतो, आणि सगळी गोम त्या कर्णात आहे. समजा, समोरासमोरचे दोन कोपरे 12 मीटर उंचीवर आहेत आणि उरलेले दोन 10 मीटरवर. उंच कोपरे जोडले तर चौकोनाच्या मधोमध 12 मीटर उंचीची धार उभी राहते. सखल कोपरे जोडले तर नेमक्या त्याच जागी 10 मीटरवर घळ पडते. सर्वेयरच्या वहीतला एकही आकडा बदललेला नसतो! मातीचा हिशेब केला तर या दोन रूपांत सुमारे 67 घनमीटरचा फरक येतो, म्हणजे साडेतेवीस ब्रास. तोही एका चौकोनात. पावसाचं पाणी कुठे वळणार, हे तर पुढेच.

कर्ण निवडण्यासाठी बहुतेक सॉफ्टवेअर रशियन गणिती बोरिस डेलोने यांच्या 1934 मधल्या शोधनिबंधातल्या कल्पनेचा आधार घेतात: त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत दुसरा कुठलाही बिंदू येता कामा नये. त्यामुळे सुईसारखे निमुळते त्रिकोण शक्यतो टळतात. डेलोने स्वतः कसलेले गिर्यारोहक होते, अल्ताय पर्वतातल्या एका शिखराला त्यांचं नाव आहे. पण हा नियम बिंदूंकडे वरून, नकाशात पाहावं तसा पाहतो. उंची त्याच्या खिजगणतीत नसते. शिवाय अचूक चौरसाचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर येतात, म्हणजे नियमाला दोन्ही कर्ण सारखेच. मग प्रोग्रॅम त्यांतला कुठलातरी एक काढून मोकळा होतो.

स्केचअप या सॉफ्टवेअरमध्ये ‘फ्लिप एज’ नावाचं साधन असा कर्ण एका क्लिकमध्ये फिरवतं. मला ते फार मोलाचं वाटतं, कारण तिथे जमीन पाहिलेल्या माणसाला बोलता येतं. जाळीच्या कडा मऊ करून पृष्ठभाग गुळगुळीत दाखवण्याची सोयही असते, पण तिने फक्त रेषा दिसेनाशा होतात. चुकलेली घळ तिथेच राहते.

कोकणातल्या उतारावर अडचण आणखी वाढते. दोन लेव्हलींच्या मध्ये जांभ्या दगडाचा दीड मीटर उंचीचा बांध असला, तरी जाळीत तो सौम्य उतार होऊन जातो. त्यासाठी सर्वेयरला बांधाच्या माथ्यावरून आणि पायथ्यावरून वेगळ्या लेव्हली घ्यायला सांगावं लागतं. या दोन ओळी ‘ब्रेकलाइन’ म्हणून दिल्या की कुठलाही त्रिकोण त्या ओलांडत नाही. मात्र अशी जाळी नकाशातल्या एका जागी एकच उंची धरते; म्हणून बांध अगदी उभा असला तरी पायथ्याची ओळ माथ्याच्या ओळीपासून दोन-चार सेंटीमीटर बाहेर सरकवून काढायची.