जीए, केए, एमएच आणि जुनी जावा

बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाताना कणकुंबी लागतं. या रस्त्यावर गाडीची पाटी बघून शाळकरी पोरही सांगतं: जीए गोव्याची, केए कर्नाटकाची, एमएच महाराष्ट्राची. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या ‘स्विच’ला, म्हणजे दिलेल्या किमतीवरून वाट निवडणाऱ्या रचनेला, अशी अक्षरं ओळखायला २०११ साल उजाडावं लागलं!

• आकडेच हवेत: १९९६ च्या पहिल्या जावापासून ‘स्विच’ला पूर्णांक किंवा एकटं अक्षर चाले. ‘जीए’ दिलं की कंपायलर अडून बसे, मग इफ-एल्सचं शेपूट वाढे. २००४ च्या जावा ५ मध्ये ‘इनम’ला परवानगी मिळाली, मजकुराला थेट जुलै २०११ मध्ये, जावा ७ सोबत.

• जुना जुगाड: पहिल्या अक्षराचा संगणकातला क्रमांक गुणिले ३१, अधिक दुसऱ्याचा. जी म्हणजे ७१, ए म्हणजे ६५. जीए झालं २२६६. केए २३९०, एमएच २४५९. हे जुन्या स्विचलाही पचतं.

• नव्याच्या पोटात जुनंच: २२६६ हाच ‘जीए’चा हॅशकोड, म्हणजे जावा मजकुरावरून काढते तो आकडा. जावा ७ चा कंपायलरही आधी या आकड्यावर वाट निवडतो, मग ‘इक्वल्स’ने अक्षरं ताडून बघतो.

• ताडायचं कशाला? कॅपिटल ए आणि स्मॉल ए या जोडीचा हॅशकोड २११२. कॅपिटल बीबीचाही २११२! दोन्ही कोडांची सगळी अक्षरं कॅपिटल असली तर मात्र टक्कर अशक्य: अक्षरं २६, गुणक ३१. पाट्या सुटल्या.

• एक राज्य, दोन कोड: ओडिशाचं ओआर २०१२ मध्ये ओडी झालं, तेलंगणाचं टीएस २०२४ मध्ये टीजी. जुन्या गाड्यांवर जुनी अक्षरं राहतातच. उपाय सोपा: दोन ‘केस’ एकाखाली एक, मध्ये ‘ब्रेक’ नाही.

• भारत सीरिजची गंमत: २०२१ पासूनच्या बीएच पाट्यांची सुरुवात नोंदणीवर्षाच्या दोन आकड्यांनी होते. पहिली दोन चिन्हं उचलणारा प्रोग्रॅम तिथे राज्य शोधत बसतो आणि गाडी कुठलीच केस न जुळल्यावरच्या ‘डीफॉल्ट’मध्ये जाते.

• कोरी पाटी, गायब पाटी: कोड रिकामा आला तरी ‘डीफॉल्ट’ सांभाळून घेतो. ‘नल’ आला तर जावा ७ चा स्विच एकही केस न बघता जागीच कोसळतो.